चढावर मोजलेलं तेल

त्या गाडीत तेल तुम्ही ओतलंत. कॅन कुणाच्या हातात होता ते राहू द्या. हुकूम तुमचा होता, खिडकी तुमची होती आणि तपासणीच्या तक्त्यावरची बरोबरची खूणही तुमचीच होती. चौकशीच्या कागदावर तुम्ही लिहिलंत, 'कारण : चालकाचा निष्काळजीपणा.' एका ओळीत माणूस उरकलात. आता तीच गोष्ट जरा सावकाश ऐका. ऐकायला काही खिडकी सोडून खाली यावं लागत नाही.

आरोग्य खात्याच्या बारा गाड्या, आणि त्या जिथे दुरुस्त होतात ती शेड रस्त्यापेक्षा पुरुषभर खोल. शेडपासून फाटकापर्यंत सिमेंटचा चढ, त्याला सगळे रॅम्प म्हणतात. रॅम्पच्या डोक्यावर पहिल्या मजल्याची खिडकी. तुमची. तुम्हांला खाली सगळे खिडकीसाहेब म्हणतात, हे तुमच्या कानावर आलं नसेल तर आज येऊ द्या.

शेडमधली मुख्य मिस्त्री एक बाई आहे. तिला सगळे ताई म्हणतात. पुढच्या वर्षी निवृत्त होणारे भांडारवाले काकासुद्धा ताईच म्हणतात. तिचे वडील याच शेडमध्ये मिस्त्री होते. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ सहावीत होता. त्याच्या शाळेच्या डब्यापासून गाडी चालवायच्या परवान्यापर्यंत सगळं तिने केलं. आता तो सात नंबरची गाडी चालवतो. डोंगरावरच्या वस्त्यांतून आजारी माणसांना खाली दवाखान्यात आणतो. घर एकच, चूल एकच. दोघांची भांडणंही तीच ती. चहात साखर किती, आणि गाडीला ब्रेक कसा मारावा.

सुरुवात धुरापासून झाली.

"ताई, सात नंबर खोकतेय."

"गाड्या खोकत नाहीत. नीट सांग."

"सकाळी चालू केली की निळसर धूर. आणि चढाला पाय दाबला की आधी ढिम्म. मग एकदम अशी उसळते, जशी मागून कुणी लाथ घातली."

"घातली का कुणी?"

"मागे सिस्टर बसतात. त्यांच्यावर संशय घेऊ म्हणतेस?"

ताईने बॉनेट उघडलं. फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीची क्लिप सैल केली आणि नळीत बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत काळं आणि चकचकीत होऊन बाहेर आलं. या नळीतून हवा जाते. फक्त हवा. इथे बोट निघावं ते कोरडं, फार तर थोडं मळकट.

"ओली आहे," ती म्हणाली.

"कशाने?"

"तुझ्या अश्रूंनी. ऑइल आहे, गाढवा. ऑइल जिथे नको तिथे आलंय."

पहिला संशय टर्बोवर. हवा दाबून इंजिनात कोंबणारा हा पंखा झिजला की त्याच्या सीलमधून तेल गळतं. तिने पंख्याचा दांडा दोन बोटांत धरून हलवला. हलला नाही. शिवाय तेल टर्बोच्या अलीकडच्या नळीतही होतं. म्हणजे ते टर्बोच्या आधीच कुठून तरी येत होतं.

मग ब्रीदर. इंजिनाच्या पोटात साचलेली वाफ बाहेर काढून हवेच्या नळीत सोडणारी ही बारकी नळी. ताईचे वडील म्हणायचे, इंजिन इथून ढेकर देतं. तिने ब्रीदरचा व्हॉल्व्ह काढला, तर तो तेलाने निथळत होता. काकांकडून नवा आणून बसवला. इंटरकूलर, म्हणजे तापलेली हवा थंड करणारी जाळी, खाली काढून उपडा केला. पाणी प्यायच्या पेल्यात मावेल इतकं तेल निघालं. धाकट्याची थट्टा तिथे थांबली.

तिने सगळ्या नळ्या धुतल्या, जाळी धुतली, वाळवली, परत बसवली. दोन आठवड्यांनी बोट घातलं. पुन्हा काळं.

इंजिनच झिजलं असेल तर? तिने तेल भरायचं झाकण सैल केलं आणि चालू इंजिनावर नुसतं ठेवून दिलं. आतून दाब येत असता तर झाकण नाचलं असतं. ते शहाण्या मुलीसारखं जागेवर बसून राहिलं. चारही सिलिंडरचा दाब मोजला, चारही सारखे. इंजिन धडधाकट. तरी ढेकरेबरोबर जेवण वर येत होतं.

पोट जास्त भरलं असेल तरच असं होतं. जी गोष्ट सगळ्यांत आधी बघायची ती ताईने सगळ्यांत शेवटी बघितली, कारण तक्त्यावर दर सोमवारी 'ऑइल : फुल' लिहिलेलं होतं आणि ती त्या खुणेवर विसंबली होती. तिने तेल मोजायची पट्टी उपसली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा उपसली. तेल फुलच्या खुणेच्या बोटभर वर होतं. वर बारीक फेस.

"इतकं कुणी ओतलं?"

"कॅनवाल्या भाऊने. सोमवारी, रॅम्पवर. कमी होतं ना. दर सोमवारी थोडं कमीच असतं."

तेल ओतणाऱ्या मदतनिसाला शेडमध्ये सगळे भाऊ म्हणतात. ताई गाडीत बसली, रॅम्पवर नेली, तोंड वर करून उभी केली, दहा मिनिटं थांबली आणि पट्टी उपसली. तेल बरोबर फुलच्या खुणेवर. गाडी शेडच्या सपाट फरशीवर आणली. बोटभर वर. पुन्हा रॅम्प, पुन्हा फरशी. तिसऱ्यांदा धाकट्याला पट्टी उपसायला लावली.

"तेच ऑइल ना ग?"

"तेच. तोंड वर केलं की इंजिनाखालच्या चेंबरमधलं ऑइल मागे सरकतं, आणि पट्टी पुढे आहे. पट्टीला वाटतं कमी आहे. भाऊ ओततो. जास्तीचं फेसाळून नळीत जातं. नळीत गेलं म्हणून सोमवारी पुन्हा कमी दिसतं. भाऊ पुन्हा ओततो."

"म्हणजे आपण गाडीला हवेच्या वाटेने तेल पाजतोय."

"बाराही गाड्यांना."

हे चढावर का मोजायचं? शेडमध्ये सपाट जागा आहे. पण तिथलं तुमच्या खिडकीतून दिसत नाही. म्हणून सोमवारी सकाळी बारा गाड्या नाक वर करून रांगेत उभ्या राहतात आणि तुम्ही वरून तक्त्यावर खुणा करता.

त्या संध्याकाळी जेवताना ताईने धाकट्याला सांगितलं, वडिलांनी एकदा एक इंजिन सुटलेलं बघितलं होतं.

"सुटलेलं म्हणजे?"

"डिझेलचं इंजिन ऑइलही जाळतं. नळीत साठलेलं ऑइल चढावर एकदम ओढलं गेलं की ते त्यावरच चालायला लागतं. किंचाळतं. चावी काढली तरी बंद होत नाही. चावी डिझेल बंद करते, ऑइल नाही. स्वतःचं ऑइल पिऊन पिऊन शेवटी फुटतं."

"मग थांबवायचं कसं?"

"गाडी टॉप गिअरला टाकायची, ब्रेक दाबून धरायचा आणि क्लच सोडायचा. दम कोंडून बंद पडतं. नाही पडलं तर हवा तोडायची. नळी उपटायची आणि तोंडावर फळी दाबायची. फळी. हात नाही, कपडा नाही. लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी तिने जाड फळीचा ताटलीएवढा तुकडा कापला, एका बाजूला ट्यूबचं रबर चिकटवलं, मागे मूठ ठोकली आणि सात नंबरच्या सीटखाली ठेवला. धाकट्याने तो छातीशी धरून बघितला. "ढाल दिलीस. आता तलवार कधी?"

मग ताईने पत्र लिहिलं. एक नाही, तीन. तेल सपाट जागी मोजावं, बाराही गाड्यांचं जादा तेल काढावं, नळ्या आणि इंटरकूलर धुवावेत. तिसऱ्या पत्रानंतर तुम्ही तिला वर बोलावलंत.

"बाई, बारा वर्षं आपण रॅम्पवर मोजतोय. एक तरी इंजिन बसलं?"

"बसलं नाही साहेब. सुटेल."

"ऑइल कमी पडलं तर इंजिन जाम होतं, हे मलाही कळतं. थोडं जास्त असलं तर बिघडलं कुठे? जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा."

"साहेब, एकदा खाली या. फरशीवर आणि रॅम्पवर, दोन्हीकडे मोजून दाखवते. दहा मिनिटं लागतील."

"लेखी द्या."

"तीनदा दिलंय."

"मग उत्तर येईल."

उत्तर आलं. 'सोमवारची तपासणी नियमानुसार चालू राहील. तेल कमी आढळल्यास मिस्त्री जबाबदार.'

आता ताईची चूक सांगतो. ती झाकायची नाही, कारण तिनेही झाकलेली नाही. कागदाने काम होत नाही म्हटल्यावर तिने कानस उचलली. पट्टीच्या डोक्याशी एक कडी असते, पट्टी आत किती जाईल ते ती कडी ठरवते. तिने बाराही पट्ट्यांच्या कड्या बोटभर वर सरकवून ठोकल्या. पट्ट्या बोटभर खोल जायला लागल्या. फरशीवर तेल जेवढं हवं तेवढंच, आणि रॅम्पवर पट्टी दाखवणार फुल. तुमची खूणही खरी आणि इंजिनही सुखी. जादा तेल काढलं, नळ्या धुतल्या, इंटरकूलर कोरडे केले. भाऊचा कॅन उघडायची गरजच उरली नाही.

हे तिने फक्त धाकट्याला सांगितलं.

"ताई, तू खिडकीला चष्मा लावलास," तो म्हणाला आणि पोट धरून हसला.

दोन महिने बारा गाड्या सुतासारख्या सरळ चालल्या. सात नंबर चढावर एकदाही उसळली नाही. ताई दर शनिवारी नळीत बोट घालायची आणि ते कोरडं निघायचं. तरी तिला बरं वाटत नव्हतं. शेडमध्ये वर बघितलं की खिडकीची काच दिसायची. काचेमागे तुम्ही आहात की नाही ते खालून कळत नाही.

तुम्ही होतात. बारा गाड्या आणि दोन महिन्यांत तेलाचा एक थेंब नाही? तुम्हांला आनंद व्हायला हवा होता. तुम्हांला संशय आला. तुम्ही काकांकडून कोरी पट्टी मागवलीत आणि एका गाडीच्या पट्टीशेजारी धरलीत. कडी वर. झालं. एकदा तरी खाली येऊन विचारलंत का, की बाई, हे का केलंस? नाही. तुम्ही बारा नव्या पट्ट्या मागवल्यात.

त्या सोमवारी ताई शेडमध्ये, अजून रॅम्पवर न गेलेल्या चार नंबरच्या खाली आडवी होती. वर रॅम्पवर पट्ट्या बदलल्या जात होत्या, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला आवाज आला. कॅनच्या तोंडातून तेल पडतं तेव्हा घटाघटा आवाज येतो, जसं कुणी तहानलेलं पितंय. दोन महिने हा आवाज नव्हता. ती गाडीखालून सरपटत बाहेर आली आणि धावली.

नव्या पट्ट्यांवर प्रत्येक गाडी बोटभर कमी दिसत होती. वरून आवाज येत होता, "भर, भर. दोन महिने उपाशी ठेवल्यात गाड्या." भाऊ घाबरून मापाबाहेर ओतत होता. सातमध्ये दोन लीटर गेलं.

"थांब भाऊ! काढ ते परत!"

"बाई!" तुम्ही खिडकीतून म्हणालात. "पट्ट्यांना हात कुणी लावला ते मला कळलंय. आता एक शब्द नको."

"साहेब, सात नंबर डोंगरावर चाललीय. दोन लीटर जास्त आहे. सोडू नका तिला."

"लेखी द्या."

सात नंबरच्या सीटखालून तुमचा एक माणूस फळी ओढून काढत होता. तक्त्यावर शेवटची ओळ आहे, 'यादीबाहेरची वस्तू नाही.' फळी यादीत नव्हती. धाकट्याने ताईकडे बघून खांदे उडवले, जसं लहानपणी मास्तरांनी पतंग जप्त केल्यावर उडवायचा. मागे हॉर्न वाजत होते. डोंगरावरच्या एका म्हातारीला श्वास घेता येत नव्हता, तिला आणायचं होतं.

"जाऊन येतो ग. हळू चालवीन."

आणि ताई लिहायला बसली. हे तिला कुणाला सांगता येत नाही. तिने कॅन हिसकावला नाही. गाडीच्या पुढे आडवी पडली नाही. चावी काढून घेतली नाही. हातातली चिंधी ठेवून, हात पुसून, तिने चौथं पत्र लिहायला घेतलं. 'मा. साहेबांस, विनंती की...' बारा वर्षांत तुम्ही तिला एवढं मात्र शिकवलंत.

दुपारी फोन वाजला. आधी आवाजच ओळखू येईना. माणूस बोलतोय की पत्रा फाटतोय?

"ताई, चावी माझ्या हातात आहे आणि गाडी चालूच आहे."

"टॉपला टाक. ब्रेक दाब. क्लच सोड."

"केलं. क्लच घसरतोय, जळका वास येतोय. काही दिसत नाही, सगळा धूर."

"आजी?"

"आजींना आणि सिस्टरांना खाली उतरवलंय. लांब बसवलंय. चाकाला दगड लावलाय."

"शाबास. आता तूही लांब हो. फुटू दे इंजिन."

"गाडी गेली तर नोकरी गेली ताई. तक्त्यावर लिहिलंय, 'तपासणीनंतर चालक जबाबदार.' आपण दोघांनी सही केलीय त्याच्याखाली."

"अरे, मरू दे ती सही! लांब हो!"

"नळी उपटलीय. नुसतं तोंड झाकायचं ना? शर्ट दाबतो."

"कपडा नाही! मी सांगितलं होतं, कपडा नाही, हात—"

फोन त्याने बहुतेक मडगार्डवर ठेवला. तिला त्याचे शब्द ऐकू येईनात, फक्त किंचाळणं वाढत गेलं, वाढत गेलं, मग मध्येच गुदमरल्यासारखं दबलं. क्षणभर वाटलं, जमलं त्याला. मग मोठा आवाज झाला. त्यानंतर खूप लांबून सिस्टर कुणाला तरी हाका मारत होत्या.

शर्ट आत ओढला गेला होता आणि शर्टाबरोबर हात. तेवढ्यात इंजिनाची भिंत फोडून लोखंड बाहेर आलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. डाव्या डोळ्याचं अजून सांगत नाहीत. म्हातारी वाचली, ती त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर आहे आणि रोज निरोप पाठवते की त्या मुलाला बघायचंय.

तिसऱ्या दिवशी तो बोलला. बँडेजमध्ये गुंडाळलेला हात त्याने चादरीवर जरा उचलला.

"आता नळीत बोट घालायचं काम कायमचं तुझ्याकडे."

ताईने तोंड फिरवलं. आपले डोळे तिने त्याला बघू दिले नाहीत.

चौथ्या दिवशी तुमचा माणूस दवाखान्यात दोन कागद घेऊन आला. एक धाकट्यासाठी, 'गाडी सुस्थितीत होती, तेल पूर्ण होतं, चूक माझी.' खाली सहीची जागा. धाकट्याने बँडेजमधला हात पुढे केला आणि विचारलं, "कुठल्या बोटाने करू?" माणूस कागद तिथेच टाकून गेला. दुसरा ताईसाठी. कारणे दाखवा. शासकीय पट्टीत फेरफार केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा.

खुलासा हा घ्या. हो, तिने बारा पट्ट्या बदलल्या. दोन महिने बारा गाड्यांच्या नळ्या कोरड्या राहिल्या, त्या बदललेल्या पट्ट्यांमुळे. तुमच्या कोऱ्या पट्ट्या एका सकाळी लागल्या आणि एक माणूस दुपारपर्यंत फाटला. तिने हे चोरून केलं, ही तिची चूक. आणि त्या सोमवारी ती कॅन हिसकावायचा सोडून लिहीत बसली, ही त्याहून मोठी. या दोन चुकांची शिक्षा ती रोज खाटेशेजारच्या स्टुलावर बसून भोगते आहे, तुमच्या नोटिशीची वाट न बघता.

आज रविवार. ताई दुपारी शेडमध्ये जाऊन आली. उरलेल्या अकरा गाड्यांच्या नळ्यांत तिने एकेक करून बोट घातलं. अकराच्या अकरा ओल्या. दोन नंबरचा इंटरकूलर उपडा केला, तर पेला भरून वर ओघळलं. पाच नंबर उद्या डोंगरावर जायची आहे. भाऊने कॅन भरून रॅम्पच्या भिंतीशी ठेवला आहे. त्याला तसं सांगितलंय म्हणे.

उद्या सकाळी ती कॅनवर पाय ठेवून उभी राहणार आहे. या वेळी तिच्या हातात कागद नाही. भांडारवाले काका येणार आहेत, सिस्टर येणार आहेत. भाऊने येतो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

सात दिवसांची मुदत तुम्ही तिला दिलीत. तुम्हांला उद्या सकाळपर्यंतची आहे. प्रश्न एकच आहे आणि त्याला तक्ता लागत नाही. अकरा गाड्या सपाटीवर आणून मोजणार, की चढावर उभ्या करून ओतणार? दोनांतलं एक सांगा. पण खिडकीतून नको. लेखी तर नकोच. खाली या, फरशीवर उभे राहा, नळीत आपलं बोट घाला, ते बाहेर काढून सगळ्यांना दाखवा, आणि मग बोला.